त्या आयांना मराठी कोण शिकवणार?

कोपरखैरण्यात माझ्याकडे मराठीच्या ट्यूशनला येणारी बहुतेक मुलं अमराठी घरातली आहेत. आधी असं नव्हतं, गणित-सायन्ससाठी मुलं यायची, मराठीसाठी कुणी वेगळी फी भरेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं. मग २०२० चा कायदा आला, राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत, सीबीएसई असो नाहीतर आयसीएसई, मराठी शिकवणं सक्तीचं झालं, नाही शिकवलं तर एक लाखापर्यंत दंड, आणि हळूहळू बिहार, यूपी, ओडिशा, केरळ, तेलंगणा अशी कुठली कुठली मुलं सुलभभारती हे अमराठी माध्यमाच्या शाळांतलं मराठीचं पुस्तक घेऊन माझ्या हॉलमध्ये बसायला लागली. मधे कोविडचं कारण देऊन काही तुकड्यांना सवलत मिळाली, मराठीची नुसती श्रेणी द्यायची आणि टोटलमध्ये धरायची नाही असं झालं, त्यामुळे पालकांचा जोर जरा ओसरला, पण मुलं येत राहिली. आणि मुलं शिकतात हो. पहिले दोन-तीन महिने पाणी आणि पाण्यात यावर अडतात, टेबलाला 'ते' का म्हणायचं म्हणून वाद घालतात, ळ म्हणता येत नाही म्हणून शाला शाला करतात, आणि मग एक दिवस खाली सोसायटीत क्रिकेटवरून भांडण ऐकू येतं ते चक्क मराठीत असतं. मुलांची मला काळजी नाही.

काळजी वाटते ती दारात उभ्या राहणाऱ्या त्यांच्या आयांची, आणि हे सगळं मी त्यांच्यासाठीच लिहितेय.

त्यातली एक ओडिशातल्या केंद्रपाड्याची. केंद्रपाड्याचे प्लंबर देशभर असतात, आपल्याकडेही नव्या टॉवरमध्ये पाइप बसवणारा माणूस बऱ्याचदा तिकडचाच निघतो. हिचा नवरा तेच काम करतो, आज उलवे तर उद्या घोडबंदर. तो साइटवर राहून हिंदी शिकला, कामापुरती मराठीही त्याला कळते. मुलगी चौथीत. हिला मात्र ओडिया सोडून काही येत नव्हतं, हिंदीचे थोडेफार शब्द, तेही भाजी आणि घरभाड्यापुरते. पावसाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं, अंगावरून खूप जात होतं, नवरा कामावर, म्हणून मी तिला एका दवाखान्यात घेऊन गेले, मुलगी बरोबर होतीच कारण तिच्याशिवाय आईचं बोलणं आम्हाला कळणार कसं. आत सिस्टरने विचारलं, पाळी कधी आली होती, किती दिवस जातंय, गाठी पडतात का. हे सगळं त्या चौथीतल्या पोरीने आईला ओडियात विचारायचं आणि आईचं उत्तर सिस्टरला मराठीत सांगायचं. पोरीला पाळी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. ती एकदा सिस्टरकडे बघायची, एकदा आईकडे, आई मान खाली घालून तिच्या कानात काहीतरी म्हणाली आणि पोरीने सांगून टाकलं, "आई म्हणते काही नाही झालंय." सिस्टर वाईट नव्हती, बाहेर बाकावर बायकांची रांग होती तरी तिने मुलीला बाहेर पाठवलं, हाताच्या खुणा करून, कॅलेंडरवर बोट ठेवून जमेल तेवढं समजून घेतलं. गोळ्या मिळाल्या, बाई बरी झाली. पोरगी मात्र घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

असं एकाच घरात होत नाही. शाळेच्या पालकसभेत मुलगाच आईला टीचर काय म्हणतायत ते सांगतो, आणि टीचर त्याची तक्रार करत असतील तर तो काय सांगणार हे उघड आहे. रेशन ऑफिसात, वीज बिलाच्या खिडकीवर, पोलीस चौकीत, भाडेकरार करताना, सगळीकडे दहा-बारा वर्षांचं पोर पुढे आणि आई मागे. घरात मोठं कोण हेच उलटं होऊन जातं. आणि आपण बाहेरून बघतो तेव्हा आपल्याला एवढंच दिसतं की इतकी वर्षं इथे राहून या बाईला मराठी येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. बाहेरून आलेल्या कुटुंबाने मराठी शिकावी ही अपेक्षा करायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, त्याबद्दल कुणाची माफी मागायची गरज नाही. पण शिकायची सोय करणं हे पण आपलंच काम आहे, राज्याचं, महापालिकेचं आणि शेजाऱ्यांचं, आणि त्याची सुरुवात घरातल्या बाईपासून व्हायला हवी. आपण आजवर मागण्या खूप केल्या, मोर्चे काढले, दंड लावले, पण मोठ्या माणसाला मराठी शिकायची असेल तर त्याने संध्याकाळी नेमकं कुठल्या दारात जाऊन उभं राहायचं याचं उत्तर अख्ख्या नवी मुंबईत मला कुणी देऊ शकलेलं नाही.

पुरुषाला काम भाषा शिकवतं. मार्केटमध्ये, साइटवर, रिक्षा स्टँडवर चार लोक भेटतात, शिव्या खातो, चुकतो, शिकतो. मुलाला शाळा शिकवते. बाईच्या वाट्याला दहा बाय दहाची खोली, नळाची वेळ आणि आजूबाजूच्या तिच्यासारख्याच चार बायका, त्यातली एक भोजपुरी बोलते, एक तेलुगू, एक बंगाली, मग सगळ्यांत मिळून एक मोडकी हिंदी तयार होते आणि पोरं तीच उचलतात. आपण यांना सरसकट हिंदीवाले म्हणतो पण यातल्या बऱ्याच जणांच्या घरात हिंदी नव्हतीच कधी. भोजपुरी, अवधी ह्या जनगणनेत हिंदीखाली मोजल्या जातात म्हणून कागदावर ते हिंदीभाषक, बाकी आजीची भाषा वेगळी, ओव्या वेगळ्या, लग्नातली गाणी वेगळी. ती भाषा इथे येऊन एका पिढीत संपते आणि तिच्या जागी मराठीही येत नाही. यात ना त्यांचा फायदा ना आपला. मी माझ्याकडच्या आयांना नेहमी सांगते की घरात पोरांशी तुमच्याच भाषेत बोला, ती सोडू नका, मराठी शाळेत आणि खाली अंगणात येईल. ज्या मुलाला घरची भाषा नीट येते ते दुसरी भाषा लवकर पकडतं, हे मी हॉलमध्ये बसून रोज बघते.

आता थोडं आपल्याबद्दल. माझे वडील पाटण तालुक्यातून मुंबईला आले ते मस्जिद बंदरला माथाडी म्हणून. गावकीच्या खोलीत आळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे, पाठीवर गोणी. अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला, १९६९ चा माथाडी कायदा झाला, त्यातून मजुरीची शाश्वती आली, फंड आला, पुढे कांदा-बटाटा मार्केट खाडीच्या अलीकडे आलं तसं आमचं बिऱ्हाडही आलं आणि माथाडींसाठीच्या घरांमध्ये कोपरखैरण्यात आम्ही राहायला लागलो. वडिलांची पिढी या शहरात उभी राहिली ती कायद्यामुळे आणि घरामुळे, कुणी उपदेश केला म्हणून नाही. आज मार्केटमध्ये आंब्याच्या सीझनला यूपीची पोरं पेट्या उचलतात आणि रात्री तिथेच गाळ्यासमोर झोपतात, त्यांना बघितलं की माझ्या वडिलांना मस्जिद बंदरची खोली आठवते, ते सत्तरीच्या पुढे आहेत आणि या पोरांबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी वाईट शब्द ऐकला नाही.

आणि आम्ही आलो तेव्हा नवी मुंबई काही मोकळी पडलेली नव्हती. १९७० ला सिडको झाली, ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, भातशेती गेली, मिठागरं गेली, आणि मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला लोक उभे राहिले तेव्हा गोळीबारात पाच शेतकरी गेले. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्याला साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणारी योजना त्या रक्तातून आली. इथले मूळचे आगरी-कोळी, त्यांच्या दृष्टीने घाटावरून आलेली माझी आई, दादरहून वाशीला आलेलं सरकारी नोकरीतलं कुटुंब आणि केरळहून नेरुळला आलेला माणूस, सगळे नवेच. आम्ही मराठी होतो म्हणून आमचं नवेपण झाकलं गेलं एवढंच. उलट आम्हीच त्यांच्या बोलीला हसलो. गाडीला गारी म्हणणारी आगरी पोरं वर्गात हसण्यावारी नेली जायची, बाई म्हणायच्या शुद्ध बोल, आणि ज्यांच्या जमिनीवर शाळा उभी होती तीच पोरं मराठीच्या तासाला गप्प बसायची. हे मला आजही लागतं. त्यामुळे मराठी माणसाचा हक्क म्हणून कुणी बोलायला लागलं की मला आधी हे विचारावंसं वाटतं की त्यात ह्या गावठाणातल्या माणसाचा नंबर कितवा.

गंमत नाही, खरी गोष्ट सांगते, आज नवी मुंबईत परप्रांतीय पोरांना सगळ्यात जास्त मराठी कोण शिकवत असेल तर गावठाणातल्या आगरी घरमालकिणी. गरजेपोटी बांधलेल्या घरांमध्ये वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू, खाली मालकीण. भाडेकरणीचं पोर दिवसभर तिच्या ओट्यावर. ती त्याच्याशी हिंदीत बोलत नाही, तिला येतही नाही धड, ती आपल्या बोलीत "जेवलास का", "हिकरं ये" म्हणत राहते आणि बोनकोड्याला मी एक बिहारमधल्या समस्तीपूरचं चार वर्षांचं पोर बघितलंय जे भात नको असेल तर "मना नको" म्हणतं. त्याच्या आईलाही हळूहळू कळायला लागलंय. तिथे कुणी सक्ती केली नाही, मालकीण फक्त आपल्या भाषेत बोलत राहिली आणि पोराला भात वाढत राहिली.

आम्ही सेक्टरमधले लोक हे करत नाही. समोरचा जरा वेगळा दिसला की आपणच हिंदीत सुरू होतो. भाजीवाला 'कितने का दूँ' म्हणायच्या आधी आपण 'भैया कैसे दिया' म्हणून मोकळे. त्याला मराठी कळत असते, बऱ्याचदा येतही असते, पण आपण त्याला बोलू देत नाही. कामवालीशी हिंदी, वॉचमनशी हिंदी, लिफ्टमध्ये भेटलेल्या मराठी नावाच्या शेजाऱ्याशी पण हिंदी कारण पोरांसमोर तशी सवय झाली. सोसायटीची नोटीस इंग्रजीत, मीटिंग हिंदीत. मग पाच वर्षांनी आपण म्हणतो हे लोक मराठी शिकत नाहीत. भाषा कानावर पडल्याशिवाय कुणाला आली आहे का आजपर्यंत?

ठाण्यातच एक जुनं उदाहरण आहे. टेंभी नाक्याला सिव्हिल हॉस्पिटलजवळ बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं सिनेगॉग आहे, १८७९ चं. हे लोक समुद्रातून कोकणात आले, तेल गाळायचा धंदा केला, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले, गावावरून आडनावं लावली आणि इतके मराठी झाले की त्यांच्यातली माणसं आपल्या धर्मातल्या कथांवर मराठीत कीर्तनं करायची, पुढे इस्राएलला गेली तरी तिथूनही मराठी नियतकालिक काढलं. धर्म ठेवला, सण ठेवले आणि भाषा घेतली. हे कुठल्याही जीआरने झालं नाही, शेजारात राहून झालं, आणि त्याला पिढ्या लागल्या. आज तेवढा वेळ नाही हे मलाही कळतं. तेव्हा गाव लहान होतं, सगळे एकमेकांना दिसायचे, आज टॉवरच्या बत्तिसाव्या मजल्यावरचा माणूस आणि त्याच टॉवरला प्लास्टर करून गेलेला माणूस एकमेकांना कधी दिसतच नाहीत. म्हणून जे आधी आपोआप व्हायचं ते आता मुद्दाम करावं लागणार आहे.

आणि मुद्दाम आपण काय केलं ते बघा. २००८ ला रेल्वे भरतीवरून कल्याणला परीक्षेला आलेल्या मुलांना मारलं. मागणी रास्त होती, जाहिरात मराठी पेपरात यायला हवी, परीक्षा मराठीतून देता यायला हवी, पण ती मागणी ज्यांनी मान्य करायची ते दिल्लीच्या ऑफिसात होते आणि मार खाल्ला तो सेंटरवर हॉलतिकीट घेऊन आलेल्या पोरांनी. २०१६ ला रिक्षा परमिटसाठी मराठीची अट घालणारं परिपत्रक निघालं, २०१७ ला हायकोर्टाने ते रद्द ठरवलं, आणि या सगळ्यात रिक्षावाल्यांसाठी सरकारने वर्ग सुरू केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात आलं नाही. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावा म्हणून सांगितलं, पाट्या लागल्या, चांगलं झालं, मला त्या आवडतात, पण पाटीखाली उभ्या असलेल्या सेल्समनची भाषा तीच राहिली. २०२५ ला मिरा रोडला मराठीच्या वादातून एका मिठाईवाल्याला मारहाण झाली, व्हिडिओ देशभर फिरला, मग व्यापाऱ्यांचा बंद, मग मराठी लोकांचा मोर्चा, आणि शेवटी मराठी म्हटलं की लोकांना थोबाडीत आठवायला लागलं. मला याचा संताप येतो, कारण ट्यूशनला येणाऱ्या एका मुलाच्या बापाने त्या आठवड्यात मला विचारलं की पोराला मराठी आली तर त्याला मारणार नाहीत ना. ज्या भाषेत मी त्याला बडबडगीतं शिकवते ती भाषा त्याच्या घरात मार चुकवायचं साधन होऊन गेली.

त्याच वर्षी पहिलीपासून हिंदीचा जीआर आला, विरोध झाला आणि २९ जूनला सरकारने तो मागे घेतला. विरोध करणाऱ्यांत मी होते आणि परत आला तर परत करीन, सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा लादायचं काहीच कारण नाही. पण त्या दोन-तीन महिन्यांत मराठीसाठी रस्त्यावर जेवढी ताकद दिसली त्यातली थोडी जरी वस्तीतल्या वर्गाला लागली असती तरी खूप झालं असतं.

मला कुणी अडवेल आणि म्हणेल की तुम्ही गरिबाचं सांगताय, पण 'नहीं बोलूँगा मराठी, क्या कर लोगे' म्हणणारा माज असतो त्याचं काय. असतो. आणि तो बहुतेक वेळा एसी ऑफिसात असतो. ज्या बँकेत मराठी म्हातारी पेन्शनसाठी येते तिथे काउंटरवर मराठी बोलणारं माणूस हवंच, बिल्डरच्या ऑफिसात करारनामा मराठीत मागितला तर मिळायलाच हवा, मॉलमध्ये, मोबाइल कंपनीच्या कॉल सेंटरला, सगळीकडे मराठीत सेवा हा हक्क आहे आणि तिथे जरासुद्धा मागे हटू नये. तिथे पगार आहे, ट्रेनिंगचं बजेट आहे, एचआर आहे. पण आपण भांडतो कुणाशी, तर जो परत बोलू शकत नाही त्याच्याशी. वडापावच्या गाडीवरचा पोरगा, ओला-उबरवाला, सिक्युरिटी गार्ड. बँकेच्या रिजनल मॅनेजरला जाब विचारायला लेखी अर्ज लागतो, पाठपुरावा लागतो, वेळ लागतो, आणि गाडीवाल्याला जाब विचारायला फक्त मोबाइलचा कॅमेरा लागतो.

भीतीबद्दल पण बोलायला हवं कारण ती खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात मातृभाषा मराठी सांगणारे साधारण ६९ टक्के होते, मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात मराठी माणसाला आपण कमी होत चाललोय असं रोज वाटतं, मांसाहारी म्हणून मराठी कुटुंबाला फ्लॅट नाकारल्याच्या बातम्या येतात, मराठी शाळेचे वर्ग पटाअभावी बंद होतात. हे सगळं मनाला लागतं आणि लागायलाच हवं. पण यावर उपाय म्हणून माणसं थांबवता येत नाहीत, घटनेने देशात कुठेही राहायचा हक्क दिलाय आणि तोच हक्क वापरून आपली पोरं बंगळुरू, हैदराबादला राहतायत. आकडा बदलायचा एकच मार्ग मला दिसतो, इथे जन्मलेल्या पोरांना मराठी आपली वाटणं. आणि पोराला एखादी भाषा आपली वाटायची असेल तर ती त्याच्या आईच्या तोंडी थोडी तरी असावी लागते, तिने भाजीवाल्याशी मराठीत भाव केलेला त्याने ऐकलेला असावा लागतो. नाहीतर ती त्याच्यासाठी पस्तीस मार्कांचा पेपरच राहते.

दुसरी भीती जास्त घाणेरडी आहे. बंगाली बोलतो म्हणजे बांगलादेशी, असं आता सर्रास बोललं जातं. २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे पाठवलं आणि ते भारतीयच निघाल्यावर परत आणावं लागलं. माझ्याकडे मुर्शिदाबादची एक मुलगी यायची, तिच्या आईने त्यानंतर खाली येणंच बंद केलं, बाजारात बोलायला लागलं तर लोक बघतात म्हणाली. अशी बाई मराठी कुठून शिकणार? भाषा शिकायला आधी तोंड उघडायला लागतं, आणि तोंड उघडायची भीती आपण घातली.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला बसवलं ती सांगते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल तरुणांना तिकडे पाठवायचं, नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर असे सगळे, आणि त्यांना जायच्या आधी जर्मन भाषा शिकवायची, सरकारी खर्चाने. मला ही योजना आवडली, माझ्या ओळखीतली पोरं त्यासाठी धडपडतायत. आणि तिकडे गेल्यावरही जर्मनी नव्याने आलेल्यांसाठी इंटिग्रेशन कोर्स चालवते, ६०० तास भाषा आणि १०० तास तिथला कायदा, इतिहास, समाज, आणि त्याचा मोठा खर्च त्यांचं सरकार उचलतं. म्हणजे साताऱ्याचा प्लंबर जर्मनीला निघाला तर त्याला भाषा यावी म्हणून दोन सरकारं पैसे घालतायत, आणि केंद्रपाड्याचा प्लंबर नवी मुंबईत आला तर त्याच्यासाठी, त्याच्या बायकोसाठी सहा तासांचा सुद्धा वर्ग नाही. आपल्या पोरांना परदेशात जी वागणूक मिळावी असं आपल्याला वाटतं ती इथे द्यायला काय हरकत आहे? सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फी लावली तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये दोन घरांत रात्रभर दिवे चालू होते, तिथल्या लोकांना आपली पोरं नकोशी झालीत का हा प्रश्न त्या आईबापांच्या तोंडावर दिसत होता. तोच प्रश्न तुर्भे स्टोअरला, दिघ्याला, कळव्याला किती घरांत रोज असतो.

साहित्य नाही, अभ्यासक्रम नाही असंही नाही. मुंबई विद्यापीठात मराठी आणि जर्मन विभागाने मिळून परभाषकांसाठी मराठीचे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम तयार केलेत, बालभारतीची सुलभभारती आहे, ३ ऑक्टोबर २०२४ पासून मराठीला अभिजात दर्जा आहे. कमी आहे ते वस्तीत नेऊन पोचवणं. आणि वस्तीतल्या बाईला लागतं ते पुस्तकातलं मराठी नाही. दवाखान्यात पोटात कुठे दुखतं ते सांगता येणं, औषधाच्या पुडीवरचं सकाळ-दुपार-रात्र वाचता येणं, शाळेच्या डायरीतली सूचना कळणं, वीजबिलाची तारीख, रेशनचा फॉर्म, कुणी त्रास दिला तर पोलिसाला पत्ता सांगता येणं. एवढ्यापासून सुरुवात करायची, व्याकरण नंतर. माझ्या हॉलमध्ये आता आठवड्यातून दोन दुपारी चार-पाच बाया बसतात, केंद्रपाड्याची ती बाईच पहिली आली, तिने स्वतः विचारलं, "मॅडम, मेरेको भी सिखाव." पहिल्या दिवशी आम्ही फक्त शरीराचे भाग केले, आणि पाळी. पोटऱ्या दुखतात, डोकं जड झालंय, चक्कर येते. बायका आधी लाजल्या मग हसल्या आणि मग एकेकीने आपापलं खरं दुखणं सांगायला सुरुवात केली.

पण एका हॉलने काय होणार. महापालिकेच्या शाळा सगळ्या नोडमध्ये आहेत, शनिवारी दुपारी वर्ग रिकामे असतात. अंगणवाडी सेविकेला वस्तीतली प्रत्येक बाई नावाने माहीत असते, बोलावणं तिच्याकडून गेलं तर घरातले पुरुष अडवत नाहीत. मराठी शाळांतून रिटायर झालेल्या किती बाई घरी बसून आहेत, त्यांना मानधन द्या, त्या येतील. गावठाणातल्या मालकिणींना बोलवा, शुद्ध-अशुद्ध करत बसू नका, त्या आगरी बोलतील तर ती पण मराठीच आहे. लहान पोरांना बसायला शेजारची खोली हवी नाहीतर बाया येणार नाहीत. आणि हजेरी लावून सर्टिफिकेट दिलं तर शाळेत मदतनीस किंवा हाउसकीपिंगचं काम मागताना ते कामी येईल.

यावर माझ्याच सोसायटीत एका काकांनी मला विचारलं की आपल्या टॅक्समधून त्यांना का शिकवायचं. काकांचा प्रश्न मी हलक्यात घेत नाही, त्यांचा मुलगा गेली दोन वर्षं नोकरी शोधतोय. पण पैसे त्यांच्या खिशातून काढायची गरजच नाही. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला बांधकामाच्या खर्चावरचा एक टक्का उपकर घेतला जातो तो बांधकाम कामगार आणि त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी. घणसोली, घोडबंदर, उलवे, खारघर, गेल्या काही वर्षांत इथे जे उभं राहिलं त्या सगळ्याचा तो एक टक्का कामगार मंडळाकडे जातो. ह्या बायकांचे नवरे त्याच इमारतींत लाद्या बसवत होते, पाइप जोडत होते, त्यातल्या कितीतरी जणांची मंडळाकडे नोंदणीच झालेली नाही, ती करायला पण शेवटी मराठी फॉर्म भरता यावा लागतो. तेव्हा आधी नोंदणी, मग त्याच पैशातून वर्ग. नगरसेवकाला, शिक्षण विभागाला मी दोनदा पत्र दिलंय, पोच मिळाली, उत्तर नाही, जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत परत जाणार आहे आणि या वेळी त्या चार-पाच जणींना बरोबर नेणार आहे, त्यांना काय हवंय ते त्याच मराठीत सांगतील.